कागदावर ठिपका नको

प्रेमलाचा मार ज्याने खाल्ला नाही, त्याने तिच्या शेडमध्ये कधी कामच केलेलं नाही, असं खुशाल समजावं. माझ्यावर तिने एकदाच हात उगारला होता. मी म्हटलं, "हात खाली घे. मी तुझ्याकडे कामाला नाही, शेजारी आहे, आणि माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न आहे." तिने हात खाली घेतला आणि दोन चहा मागवले. तेव्हापासून आमचं जमलं.

मी सुहासिनी. जन्म शनिवार पेठेतला, धंदा विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्याचा आणि शेड कात्रजला, प्रेमलाच्या शेडला चिकटून. मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून तिचं सगळं आयुष्य माझ्या कानावर पडलं, मी काही कान लावून बसले नव्हते. पलीकडून पाना आपटल्याचा आवाज आला की तो जमिनीवर पडला की कुणाच्या पाठीवर, हे मला न बघता सांगता यायचं.

प्रेमला इंजिनं बांधते. झिजलेलं इंजिन तिच्याकडे सुटं होऊन पोत्यातून येतं आणि चालतं होऊन परत जातं. हे ती वडिलांकडून शिकली. तिचे वडील तात्याराव ट्रकचे फिटर होते. हातात कला होती आणि त्याच हाताला मारायची सवयही होती. त्यांची एक पद्धत होती. इंजिन बांधून झालं, तेल भरलं, की त्याच्याखाली एक कोरा कागद पसरायचा आणि शेड बंद करून घरी जायचं. सकाळी कागदावर तेलाचा एक ठिपका दिसला, तर तो जोड ज्याने बसवला त्याच्या तिथेच कानाखाली. मग इंजिन परत खोलायचं. शाळकरी वयात प्रेमलाने बसवलेलं पहिलं गॅस्केट गळलं, तेव्हा तात्यारावांनी तिचं तोंड त्या कागदावर दाबून धरलं होतं आणि म्हणाले होते, "वास घे." हे ती मला हसत हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. मला त्या मेलेल्या माणसाचा राग यायचा, अजूनही येतो.

लग्न होऊन ती वाघोलीला गेली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत परत आली. नवऱ्याने एक दिवस भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट तिच्या अंगावर भिरकावलं आणि कमरेचा पट्टा काढला. हिने दाराआडचा रिंग पाना घेऊन त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चौकीत त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. बायकोने मोडलं म्हणायची त्याला लाज वाटली असावी. मला विचाराल तर त्या दिवशी प्रेमलाने केलं ते बरोबर केलं. पण त्या दिवसानंतर तिला एक गोष्ट पक्की कळली, की पाना उचलला की समोरचा गप्प बसतो. मग तिने तो खाली ठेवलाच नाही.

आई आधीच गेली होती. तात्यारावही गेले. उरला धाकटा भाऊ संजय, तेव्हा शाळेत जाणारा. त्याला तिने वाढवलं, शिकवलं, न्हाऊमाखू घातलं आणि मारलं. जसं तिला वाढवलं होतं तसंच. शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तात्यारावांनी लावलेली. त्या मिटल्या डोळ्यांखालून उडत गेलेले पाने मी पाहिले आहेत. एक ट्रक ड्रायव्हर तिच्याबद्दल काही अचकट विचकट बोलला ते तिने ऐकलं, तर त्याला जॅकच्या दांड्याने झोडपत रस्त्यापर्यंत नेलं. कामाला येणारी माणसं एकेक करून निघून गेली. संजय तेवढा राहिला.

संजय आता तिशी ओलांडलेला. हुशार, कमी बोलणारा. त्याला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. प्रेमला तोंडाने म्हणायची, "जा की. कुणी बांधून ठेवलंय?" पण तो बाहेर गेला आणि यायला उशीर झाला, की ती दहादा फाटकापर्यंत जाऊन यायची. तो गेला असता तर तिचं म्हणावं असं या जगात कुणी उरलं नसतं. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. तरी तिचा हात थांबत नव्हता, आणि मी पत्र्यापलीकडून वाट बघत होते की हा पोरगा कधी जातो. तो जावा असं मला वाटायचं, आणि गेला तर हिचं काय, म्हणून नको असंही वाटायचं.

अशात ते इंजिन आलं.

पृथ्वीराज म्हणून एक गृहस्थ आहेत, जुनी यंत्रं जमवायचं त्यांना वेड. त्यांनी टेम्पोतून एक विमानाचं इंजिन आणलं, शंभर वर्षांपूर्वीचं. नऊ सिलिंडर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल बसवलेले. आपल्या ओळखीच्या इंजिनात मधला दांडा फिरतो आणि इंजिन जागेवर राहतं. इथे सगळं उलटं. दांडा लोखंडी घोडीला पक्का आवळलेला, आणि अख्खं इंजिन पुढच्या लाकडी पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरतं. पेट्रोल आणि तेल त्या पोकळ दांड्यातूनच पोटात जातं. तेल साधं चालत नाही, एरंडेल लागतं, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. फिरण्याच्या जोराने ते बाहेर फेकलं जातं आणि धुराबरोबर निघून जातं, परत टाकीत येत नाही.

"प्रेमलाबाई, हे इंजिन तेल फेकणारच," पृथ्वीराज म्हणाले. "त्याचा तो स्वभाव आहे."

"स्वभाव माझाबी हाय," प्रेमला म्हणाली. "चालताना फेकू दे. उभं असताना माझ्या कागदावर ठिपका पडायचा न्हाई."

ते इंजिन तिने आणि संजयने मिळून बांधलं. त्याच्या ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या तारा मी गुंडाळल्या, म्हणून चालू करताना स्विचवर मला बसवलं. याचीही एक पद्धत असते. पंख्याशी उभा असलेला माणूस ओरडून सांगतो, स्विच चालू की बंद. स्विचवरचा माणूस तेच शब्द परत ओरडतो, आणि मगच हात हलवतो. मधे दुसरं कुणी बोलायचं नाही. पंख्याला हाताने झटका द्यायचं काम संजयचं.

शेडमागच्या मोकळ्या जागेत पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा मला वाटलं, घोडीसकट उठून माझ्या अंगावर येतंय. कानठळ्या बसल्या. घोडीच्या पायांना ठोकलेल्या पहारी जमिनीत हलायला लागल्या. कुणाची तरी कोंबडी बिथरून समोरून धावली. तिचं काय झालं ते सांगत नाही, पण पिसं आणि एरंडेल माझ्या चष्म्यावर एकाच वेळी आलं. धूर तर असा, की आमच्या रांगेतल्या सगळ्यांच्या पोटात तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी सार्वजनिक संडासापुढे जी गर्दी झाली तिच्यात मीही होते.

पत्रे, झाड, माझी साडी, सगळं तेलाने निथळत होतं. इंजिन तर अंघोळ घातल्यासारखं. आता यातलं किती स्वभावाचं आणि किती गळतीचं, हे शोधायचं होतं.

संजयने एक युक्ती काढली. इंजिन पेट्रोलने धुवायचं, पुसायचं आणि त्याच्यावर चाळणीने पांढरी रांगोळी उडवायची. मग थोडा वेळ चालवायचं आणि बंद करायचं. तेल जिथून निघालं तिथपासून रांगोळीवर काळपट रेघ उमटते. प्रेमलाने रेघेच्या टोकाला डाग बघितला आणि तिथलाच नट आवळायला घेतला.

"अक्का, तिथे नाही," संजय म्हणाला. "हे फिरतं इंजिन आहे. तेल खाली ओघळत नाही, बाहेर पळतं. डाग बाहेर दिसला तर गळती आतल्या बाजूला, दांड्याकडे शोधायची."

तिने हातातला पाना त्याच्याकडे भिरकावला. तो वाकला, पाना पत्र्याला भोक पाडून माझ्या शेडमध्ये आला. मग तिने दुसरा पाना घेतला आणि तो म्हणाला होता तिथेच शोधलं. तिची ही तऱ्हा. ऐकायची, पण आधी मारायची.

दोन सिलिंडर बुडाशी गळत होते आणि एका नळीचा जोड ढिला होता. तांब्याचे नवे वायसर कापले, लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ केले, बसवले. गळणाऱ्यांतला एक वायसर संजयने बसवलेला होता. त्याच्या कानशिलात बसलीच. तो मार खाताना डोळे मिटायचा नाही. मला ते बघवायचं नाही, मी मान फिरवायचे.

चालतानाची गळती थांबली. कागदावरचे ठिपके मात्र थांबेनात. इंजिन उभं राहिलं की खालचे सिलिंडर डोकं खाली करून लोंबकळतात. पोटातलं तेल त्यांच्यात उतरतं आणि धूर निघायच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब टपकतं. पृथ्वीराजांनी पुन्हा सांगितलं की टपकू द्या, ते तसंच असतं. प्रेमलाने ऐकलं नाही. तिने खालचे व्हॉल्व्ह काढले आणि ते जराही फट न ठेवता बसावेत म्हणून पेस्ट लावून घासायला बसली. एकेक व्हॉल्व्ह हातात गोल गोल फिरवत, तळहाताची सालं निघेपर्यंत. ती काम करताना कुणी बघावं. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, पण हात असे हलके की हीच बाई पाने फेकते यावर विश्वास बसू नये.

आणि मग एका सकाळी कागद स्वच्छ निघाला. ठिपका नाही, डाग नाही. प्रेमलाने तो उचलून उजेडाकडे धरला, मला हाका मारून दाखवला, आणि पेढे आणायला स्वतः गेली.

ती पेढे घेऊन आली तेव्हा संजय घोडीवरच्या तेलाच्या टाकीकडे बघत उभा होता. टाकीला बाजूने काचेची नळी आहे, तिच्यात तेल किती आहे ते दिसतं.

"अक्का, टाकीतलं तेल उतरलंय," तो म्हणाला. "काल मी गळ्यापर्यंत भरली होती. तेल सोडायचा कॉकही बंद केला होता."

"मग भरली नसशील."

"भरली होती. कागदावर काही नाही, तर तेल गेलं कुठे?"

"कागद बघ आधी. डोळे हायत ना?"

"कागद बघूनच विचारतोय. ते आत..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. तिने पेढ्यांचा पुडा ठेवून त्याच्या थोबाडीत दिली. तो तरीही हाताने टाकी दाखवत राहिला, तेव्हा तिने कोपऱ्यातला जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर बसला. मी पत्र्याला वळसा घालून धावत आले आणि तिला म्हटलं, "तू माणूस आहेस की कोण आहेस?" ती धापा टाकत होती. "एवढी वर्षं कागद बघतीये मी," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणतो, कागद खोटा."

संजय उठला, खांदा चोळत बाहेर गेला. टाकीबद्दल तो परत बोलला नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझं काम तारांचं.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज बघायला यायचे होते. सकाळी कागद पुन्हा कोरा. प्रेमलाने तो घडी घालून पृथ्वीराजांच्या हातात दिला. मी स्विचपाशी बसले. संजय पंख्याशी गेला, पातं धरलं, जरासं हलवलं, सोडलं आणि बाजूला झाला.

"माझा खांदा दुखतोय," तो म्हणाला. "जमणार नाही."

पृथ्वीराज म्हणाले, राहू दे, पुन्हा कधीतरी बघू. प्रेमलाचा चेहरा तापला. गिऱ्हाइकासमोर भाऊ नाही म्हणतो, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं. चालू करायच्या आधी स्विच बंद ठेवून पंखा हाताने चार वेळा सावकाश फिरवायचा असतो, ते काम संजयचं. ते त्या दिवशी कुणीच केलं नाही. तिने त्याला दुखऱ्या खांद्याला धरून ढकललं आणि पातं दोन्ही हातांनी धरलं.

"स्विच चालू," ती ओरडली.

"स्विच चालू," मी ओरडले आणि केला. पंख्याशी असलेल्याचा शब्द पाळायचा, हीच पद्धत आहे, आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारू नये.

तिने सगळा राग त्या झटक्यात घातला. पंखा फिरला, एका सिलिंडरने बार काढला, आणि आत भिंत लागावी तसं ते धूड जागच्या जागी थांबलं. थांबलं आणि उलटं उसळलं. पात्याची कड तिच्या उजव्या हातावर कोपराखाली बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. ती मागे फेकली गेली, आणि मी स्विच बंद करून पोचले तेव्हा हाताचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं होतं. रक्त तिच्या कपाळापर्यंत उडालं होतं. पृथ्वीराज गाडीची किल्ली शोधत होते आणि ती त्यांच्या हातातच होती.

प्रेमला ओरडत नव्हती. ती इंजिनाकडे बघत होती. खालचा एक सिलिंडर बुडाशी तडकला होता आणि त्यातून एरंडेल भळाभळा वाहत होतं. घमेलं भरेल एवढं. टाकीतलं तेल बंद कॉकमधूनही आत झिरपत राहिलं होतं. आधी ते व्हॉल्व्हमधून टपकून जायचं. तिने व्हॉल्व्ह इतके चोख घासले, की त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. पेट्रोलची वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. फिरत्या इंजिनाला ते आतून आडवं आलं.

तिने तेलाकडे बघितलं, टाकीच्या नळीकडे बघितलं आणि मग संजयकडे. तो शर्ट काढून तिचा हात बांधत होता. त्याने गाठ जरा जास्तच घट्ट मारली असं मला वाटलं, पण खात्रीने सांगता येत नाही. गाडीत त्याने तो हात मांडीवर धरून ठेवला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळली, आणि एकदा तर त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्याने हात सोडला नाही.

हातात पट्ट्या आणि स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण पूर्वीसारखा उचलता येणार नाही.

ती घरी आल्यावर मी रोज डबा न्यायला लागले. घर म्हणजे शेडमागच्या दोन खोल्या. एका दुपारी गेले तर संजय बॅग भरून दारात उभा होता. चाकणला खोली बघितली होती त्याने. प्रेमला खाटेवर, हात गळ्यात बांधलेला.

"तुला म्हाइत होतं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"आदल्या दिवशी बोललो तर तू दांड्याने मारलंस. त्या सकाळीही टाकी उतरली होती. मी पातं हलवून बघितलं, ते अडत होतं. मग सोडून दिलं."

"मला हात लावू दिलास."

"हो."

"का?"

संजयने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "मला वाटलं, डोकं फुटेल तुझं," तो म्हणाला. "हात मोडला."

मी हातातला डबा खाली ठेवला. मला त्या क्षणी दोघांचा असा संताप आला, की दोघांनाही बदडून काढावंसं वाटलं. मी म्हटलं, "संजय, तोंड सांभाळ. बहीण आहे ती तुझी."

"तू गप, सुहासिनी," प्रेमला म्हणाली. "बोलू दे त्याला."

प्रेमला खाटेवरून उठली आणि तिने डावा हात वर केला. मला वाटलं, आता ह्या हाताने. तोही जागेवरून हलला नाही, डोळे उघडे ठेवून उभा राहिला. तिने फळीवरचं ताट काढलं.

"जेवून जा," ती म्हणाली.

त्याने बॅग दाराशी ठेवली. मग बसला. मी वाढायला पुढे झाले तर तिने मला कोपराने बाजूला केलं. डाव्या हाताने भात वाढला, अर्धा जमिनीवर सांडला, आमटीचा ओघळ त्याच्या पँटवर गेला. त्याने सांडलेला भात वेचून ताटाच्या कडेला ठेवला, सगळं संपवलं, ताट घासून पालथं घातलं आणि बॅग उचलली.

उंबऱ्यापाशी तो थांबला. "टाकीचा कॉक बदल," तो म्हणाला. "तो पूर्ण बंद होत नाही. तेल तिथून आत जातंय."

"बरं," प्रेमला म्हणाली.

तो गेला. ती फाटकापर्यंत गेली नाही.